भांडतोय म्हंजी बरा हाय

पुण्याहून कुणी हृदयावर इलाज करून कर्जतला परतलं, की लोक शहाळं घेऊन भेटायला जात. आमचे शेजारी बापू कंपाउंडर भांडायला जात.

खोटं नाही सांगत. तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली औषधाच्या पुड्या बांधून त्यांचं पक्कं मत झालं होतं, "रिपोर्ट हृदयाचा असतो मास्तर, मान्साचा न्हाई. पुढं कसा जगंल ते भांडनात कळतं."

फुगा घालून हृदयाच्या शिरा मोकळ्या करायचं नवल तेव्हा, नव्वद-ब्याण्णव साली, नुकतंच आमच्याकडे पोचलं होतं. आबा शिंपी फुगा घालून आले, तर बापूंनी उंबऱ्यातूनच तोफ डागली, "आबा, तुमी शिवलेल्या लेंग्यानं भर लग्नात माझी अब्रू घालवली!"

आबा गादीवर ताडकन उठून बसले. "कापड तू कमी आनलं हुतंस!"

बापूंनी बाहेर येऊन निकाल दिला, "पास! दिवाळीला मशीनवर." आणि दिवाळीला आबा खरंच मशीनवर!

गोविंदराव पोस्टमनचा रिपोर्ट चोख होता, पण ते नुसतं "असू दे बापू" म्हणाले. 'असू दे' म्हणजे नापास. मग बापूंनी महिनाभर रोज जाऊन त्यांना डिवचलं. गोविंदरावांनी चप्पल उगारली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

पुढे पाळी बापूंवरच आली. चढावर छातीत दुखायचं, ते गड्यानं दोन वर्षं लपवलं. अखेर त्यांनाही फुगा घातला. परतले तसा मी कंबर कसून गेलो.

"बापू, माझी शिडी दाबून बसलात, लाज वाटते का?"

"घिऊन जा मास्तर. असू दे."

मी आवाज चढवला. "अहो, भांडा की!"

"घरात भांडायला कोन हाय? इंदू व्हती तवर रोज व्हायचं. ती गेली, मग मी लोकांच्या दारी जायला लागलो."

इंदूवहिनींच्या माघारी इतकी वर्षं शेजारी राहून मला हे कळू नये! माझीच मला लाज वाटली. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पिठलं-भाकरी घेऊन तरातरा गेली. मी कुंपणाशी कान लावून उभा.

पहिल्याच घासाला आरोळी आली, "वहिनी, पिठल्यात मीठ न्हाई!"

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतंय? तीस वर्षं बघतोय मी!"

"मग नका खाऊ!"

"खातो. पर उद्या असं आळनी आनलं तर बघा!"

मी कुंपणावरून ओरडलो, "पास!"

"शिडी मिळनार न्हाई!" आतून बापू ओरडले.