खाजोबा परत आला

एका जंगलात, बालमित्रांनो, एक देव होता आणि सगळे प्राणी त्याला पाठ दाखवत असत.

हसू नका. आपण देवापुढे हात जोडतो, ते पाठ घासायचे. तीच तिथली पूजा. देवाचं नाव खाजोबा. डबक्याच्या काठी उभा असलेला एक काळा दगड. वर डोकं असावं असा उंचवटा, खाली पोट असावं असा फुगवटा. पूर्वी नाकही होतं म्हणे, पण एका गव्याने मान खाजवता खाजवता ते घालवलं. देव काही बोलला नाही. देव गरीब होता.

रानडुकरांचा तर त्याच्यावर फार जीव. डुकराच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक जागा असते. तिथे पाय पोचत नाही, सुळा पोचत नाही. बायकोला सांगावं तर ती म्हणते, "आत्ता नको, कंद उकरतेय." अशा वेळी देवाशिवाय कोण आहे? डबक्यात लोळायचं, चिखल वाळू द्यायचा आणि खाजोबाला पाठ लावायची. पणजोबांनी लावली, आजोबांनी लावली, बापाने लावली. पिढ्यान्‌पिढ्या घासून देवाचं पोट आरशासारखं लखलखत होतं.

आमच्या गोष्टीतला सुळोजी हा असाच एक श्रद्धाळू रानडुक्कर. अंगाने दांडगा, मनाने मऊ, डोक्याने जरा सावकाश.

रानडुकरांची आणखी एक रीत होती. बाराव्या दिवशी पिल्लाला खाजोबाकडे न्यायचं. आईने त्याची पाठ दगडावर एकदा घासायची. पिल्लू किंचाळायचं. आत्याने कान लावून ती किंकाळी ऐकायची आणि जसा सूर तसं नाव ठेवायचं. खुद्द सुळोजी लहानपणी "सुळ्ळ" असा ओरडला होता. खाजोबाला पाठ लागल्याशिवाय नाव नाही आणि नाव नाही तोवर पिल्लू कळपात धरत नाहीत. कुणाच्या बापाची हिंमत नव्हती ही रीत मोडायची.

आता त्याच जंगलात उदाजीराव नावाचं एक उदमांजर राहत असे. अंगाला अत्तरासारखा वास, बोलणं तुपासारखं. दर हिवाळ्यात समुद्रापलीकडून करकोचे यायचे, त्यांना तो जुन्यापान्या वस्तू दाखवायचा. कुणाची जुनी शिंगं, कुणाच्या आजीचं घरटं. करकोचे विद्वान होते. ते प्रत्येक वस्तूभोवती एका पायावर उभे राहून विचार करायचे आणि मग ती घेऊन जायचे.

एका हिवाळ्यात थोरल्या करकोच्याने खाजोबाचं पोट पाहिलं आणि त्याचा दुसरा पायही जमिनीवर आला.

"ही झिलई!" तो पुटपुटला. "हे तंत्र जगातून नष्ट झालंय. हे आम्हाला हवंच."

पण खाजोबा कमरेपर्यंत जमिनीत गाडलेला. उपटणार कोण? उदाजीरावाने मिशीवरून पंजा फिरवला आणि तो सरळ सुळोजीकडे गेला.

"सुळोजी, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा की."

"इतकी वर्षं देव तुमची पाठ खाजवतोय. त्याचे तळपाय कधी कुणी खाजवलेत का?"

खरंच, हे कुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं. शेकडो वर्षं तो देव मातीत पाय रुतवून उभा. त्याच्या तळव्यांना केवढी खाज सुटली असेल! सुळोजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने कळप गोळा केला. सगळ्यांनी नाकाने माती उकरली आणि दिवस मावळायच्या आत देव पायापर्यंत मोकळा केला. मग पाळीपाळीने त्याचे तळवे खाजवले. सगळ्यांना फार पुण्य लागल्यासारखं वाटलं.

"आता याला जरा वारा लागू द्या," उदाजीराव म्हणाला. "तुम्ही दमलात. घरी जा."

दुसऱ्या दिवशी कळप आला तेव्हा तिथे खड्डा होता. चाळीस करकोच्यांनी वेलींच्या जाळीत घालून खाजोबाला समुद्रापार नेलं होतं. उदाजीरावाकडे एक टोपली सुकी मासळी आली होती आणि तो ती खाता खाता सर्वांत मोठ्याने रडत होता.

सुळोजी खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. आपल्याच नाकाने आपण देव उपटून दिला, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळलं. कळल्यावर त्याने तीन दिवस कंदाला तोंड लावलं नाही.

बाकीच्या जंगलाला फारसा फरक पडला नाही. गव्याने बाभूळ शोधली. हत्तीला सगळीच झाडं सारखी. सिंहमहाराजांनी तर खाजोबाला कधी पाठच लावली नव्हती. त्यांची पाठ खाजवायला चार कोल्हे पगारी होते. खरी पंचाईत रानडुकरांची झाली. पिल्लं होत राहिली, पण नावं काही मिळेनात.

सुळोजीला पुढच्या वर्षी चार पिल्लं झाली. त्याच्या पुढच्या वर्षी तीन. जेवायला हाक कशी मारायची? "ए" म्हटलं की सातही धावत यायची. "ए, तू नव्हे" म्हटलं की सातही परत जायची. सर्वांत धाकटी पोर तर रोज विचारायची.

"बाबा, मी कोण?"

"तू धाकटी."

"ते झालं कितवी ते. कोण?"

सुळोजी दुसरीकडे बघून उगाच माती हुंगायचा.

अशात परदेशातून बातमी आली. भिंगरी नावाच्या एका पाखराने सांगितलं की करकोच्यांनी खाजोबाला स्फटिकाच्या पेटीत ठेवलंय, रोज हजारो पक्षी रांग लावून बघतात आणि त्या झिलईवर एका बगळ्याने मोठा ग्रंथ लिहिलाय. ग्रंथाचा निष्कर्ष असा की ही झिलई चंद्रप्रकाशात भिजवलेल्या कमळाच्या पानांनी केली असावी.

हे ऐकल्यावर सिंहमहाराजांनी डरकाळी फोडली. "आमचा देव! आमचा वारसा! आमची अस्मिता!"

लगेच वारसा वापसी समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण? देव हलवण्याचा अनुभव सगळ्या जंगलात एकालाच होता. उदाजीराव अध्यक्ष झाले. ते पहिल्याच सभेत म्हणाले, "ज्या कुणी नीचाने हे पाप केलं, त्याला मी क्षमा करतो." टाळ्यांचा कडकडाट झाला.

करकोचे सभ्य. त्यांनी निरोप धाडला: देव तुमचाच असेल तर परत देऊ, पण पुरावा द्या. कागद आहे का? शिक्का आहे का?

जंगलात कुणाकडे कागद असणार? समितीने खूप डोकं खाजवलं. (तेव्हा त्यांना खाजोबाची पहिल्यांदा आठवण झाली.) शेवटी सुळोजी भीत भीत पुढे आला.

"माझ्याकडे एक आहे."

"काय?"

"पाठ."

थोरला करकोचा मोजायला आला. सोबत देवाच्या पोटाची मातीची प्रतिकृती होती. त्या पोटात, बोटभर खोल, एक खळगा होता. करकोच्याने ती सुळोजीच्या पाठीला लावली. खळग्यात पाठ अशी बसली, जशी पाट्यावर वरवंट्याची जागा. सुळोजीने सवयीने दोनदा घासून घेतलं. करकोचा खाली बसला. त्याला बगळ्याचा ग्रंथ आठवला आणि त्याचं तोंड आंबट झालं. पण होता प्रामाणिक. तो म्हणाला, "देव यांचाच आहे."

तर मुलांनो, चोरीला गेलेला देव एका डुकराच्या पाठीमुळे परत आला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कुणीच ठेवलं नाही.

परतीचा सोहळा काय वर्णावा! मोर नाचले, माकडांनी तोरणं बांधली आणि अर्धी खाल्ली. सिंहमहाराज अस्मितेवर बोलले. उदाजीराव त्याग या विषयावर बोलले. सुळोजी सातही पिल्लांना आंघोळ घालून घेऊन आला होता. आंघोळ म्हणजे चिखलाचीच, पण ताज्या चिखलाची. सोबत त्याची बहीण कोंडाक्का, कान स्वच्छ धुऊन.

भाषणं संपली. देव मात्र डबक्याकडे न जाता राजगुहेत गेला. भोवती काट्यांचं कुंपण. दारात साळिंदर शिपाई. वर पाटी: "वारशास पाय, शेपूट, शिंग अथवा पाठ लावू नये. हुकमावरून."

"पाठ लावायचीय," सुळोजी शिपायाला म्हणाला.

"वाचता येत नाही का? पाठ तर मुख्य मनाई आहे."

"अहो, पण तो त्यासाठीच आहे."

"तो बघण्यासाठी आहे. लांबून बघा, हळहळा आणि पुढे सरका. मागे रांग आहे."

सुळोजी उदाजीरावांकडे गेला. अध्यक्षांनी त्याला पाटावर बसवलं, पाणी विचारलं.

"सुळोजी, तुझी भावना मला कळते. पण पाठ लावली की वारसा झिजतो."

"झिजत नाही हो, चकाकतो!"

"ते तज्ज्ञ ठरवतील. बगळ्यांना बोलावलंय. तोवर तू असं कर, अर्ज कर. विशेष बाब म्हणून बघू."

सुळोजीने अर्ज केला. लिहिणारा ससा होता. त्याने पहिला रकाना वाचला. "पिल्लाचं नाव?"

"नाव नाही. नावासाठीच अर्ज आहे."

"नाव नसलं तर अर्ज घेता येत नाही."

"देवाला पाठ लागली की नाव मिळेल."

"अर्ज मंजूर झाला की पाठ लावता येईल. आधी नाव घेऊन या."

सुळोजीने यावर बराच विचार केला. तो डोक्याने सावकाश होता हे सांगितलंच आहे, पण हा पेच हुशारालाही सुटला नसता. घरी आला तर धाकटी दारातच उभी.

"बाबा, झालं का? मी कोण झाले?"

सुळोजीला रडू आलं. आणि रडू संपल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, राग आला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, साळिंदर शिपाई जेवायला बसला असताना, सुळोजी कुंपणापाशी गेला. सुळ्याने काटे वर उचलून धरले. काटे नाकात शिरले, कानात शिरले, पण त्याने मान हलवली नाही. तेवढ्या फटीतून सातांपैकी सर्वांत लहान पिल्लूच आत मावणार होतं. धाकटी सरपटत आत गेली. बाहेर कोंडाक्काने कान टवकारले.

"कुठे घासू, बाबा?"

"पोटावर! खळगा दिसतोय ना, तिथे!"

"हा माझ्यापेक्षा खूप मोठा आहे."

"तो आपल्या सगळ्यांच्या पाठींचा आहे. घास!"

धाकटीने डोळे मिटले आणि पाठ घासली. इतक्या वर्षांनी देवालाही कुणीतरी शिवलं. गुहेत किंकाळी घुमली: "सुइंऽऽद!"

कोंडाक्काने मान डोलावली. "सुइंदा," ती म्हणाली. "पोरीचं नाव सुइंदा."

आणि मग शिपाई आले.

खटला त्याच दिवशी चालला. देव चोरीला गेला तेव्हा खटला झाला नव्हता. देव विकला गेला तेव्हाही नाही. या साऱ्या प्रकरणात जंगलाने पकडलेला पहिला आणि शेवटचा आरोपी सुळोजी. उदाजीरावांनी साक्ष दिली. "या हातांनी... या हातांनी ज्या वारशाला मी जपलं, त्याला याने पोरीची चिखलाची पाठ लावली!"

"तुला काही सांगायचंय?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"होय. आत अजून सहा जणांचं राहिलंय," सुळोजी म्हणाला.

महाराजांनी शिक्षा फर्मावली. एक वर्ष तुरुंगाच्या खड्ड्यात, आणि त्या वर्षभरात पाठ कशालाही घासायची नाही. सभेत हळहळ पसरली. फाशी परवडली, असं गव्यालाही वाटलं.

शिक्षेच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नाव लागतं. म्हणून ससा दौत-टाक घेऊन पुढे आला. सुळोजीच्या पायाशी धाकटी चिकटून उभी होती.

"ही कोण?" सशाने विचारलं.

"माझी मुलगी."

"नाव?"

सुळोजीची पाठ भयंकर खाजत होती. नाकातून रक्त येत होतं. त्याने मान ताठ केली.

"सुइंदा."

"ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

"सुइंदा," सुळोजी म्हणाला.

सशाने लिहून घेतलं, कागद वाळवला, गुंडाळी केली. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं. तरी सुळोजीने सगळ्या सभेला ऐकू जाईल असं पुन्हा एकदा सांगितलं.

तात्पर्य: चोरीचा माल पचत नाही, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. लिहून घ्या, मार्क मिळतील. पण मोठे झाल्यावर ध्यानात ठेवा. पूर्वजांचा ठेवा चोरावा, विकावा, वाजतगाजत परत आणावा, त्यावर तासभर भाषण ठोकावं. कुणी काही म्हणत नाही. तो वापरू मात्र नये. वापरणारा पकडला जातो.