अस्वल, बंदूक आणि दाजी

शनिवार, १४ जुलै २०१८ रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अलास्कातील आर्ने हॅल्वर्सन यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर तीन बंदुका होत्या आणि न्याहारीला जागा नव्हती.

मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते. व्याह्यांनी हॉटेलातून जेवण मागवण्याचे सुचवले, तेव्हा आर्ने यांच्या पत्नी इंगाबाईंनी मानाने सांगितले होते, की आमच्या दारात पाहुणा घरच्या धुरीचा सामन मासाच खाईल. मासे धुरावर ठेवण्याचे धुरीघर मात्र रिकामे होते आणि नदीवरील मासेमारीची मुदत त्याच रात्री अकराला संपत होती. त्यातच नदीकाठी दोन तपकिरी अस्वले दिसल्याची बातमी होती.

"चाळीस मासे हवेत," इंगाबाई म्हणाल्या. "नाहीतर विहीणबाई जन्मभर हॉटेलची आठवण काढतील. उठा आता!"

परंतु आर्ने हे निवृत्त पूल-अभियंते होते; निकष ठरल्याशिवाय ते उठत नसत. बंदुका आणल्या होत्या त्यांच्या मेहुण्याने, डेलने.

"दाजी, रिव्हॉल्व्हर घ्या. कमरेला लावलं की दोन्ही हात जाळ्याला मोकळे."

"आणि धावत्या अस्वलावर नेम? तुझा अंगणातल्या पिंपावर लागत नाही."

"पिंप हलत होतं."

"पिंप नाही, डेल. तू हलत होतास."

"मग ही रायफल. लांबचा पल्ला!"

"अस्वल झुडपातून दहा पावलांवर निघतं. तिथे काय दुर्बिणीतून त्याच्या पापण्या मोजू?"

दुपारी दीड वाजता, तिन्ही शस्त्रे पिठाच्या काट्यावर तोलून झाल्यावर, जाड गोळ्यांची दुनळी बंदूक एकमताने निवडली गेली. तेवढ्यात डेलला आठवण झाली.

"आपल्या शेजारच्या कार्लनं मारलं होतं ना एक अस्वल? कायदाच आहे. स्वसंरक्षणासाठी मारलं तरी मारणाऱ्यानं स्वतः सोलायचं. नखांसकट कातडं आणि कवटी सरकारजमा! अख्खा दिवस गेला. वासापायी बायकोनं आठवडाभर गॅरेजमध्ये झोपवलं त्याला."

आर्नेंनी हातातली दुनळी अलगद टेबलावर ठेवली.

"डेल," आर्ने प्रेमाने म्हणाले, "पिंपाचं मी उगाच बोललो. तुझा नेम चांगला आहे. दुनळी तूच घे."

"छे, छे! वडीलधारे असताना मी? मान तुमचा."

असा परस्परांचा मान राखत दोघे गाडीत बसले. चार वाजता ते नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि इंगाबाई काठावर मासे साफ करण्यास सज्ज होत्या. तिसरा मासा जाळ्यात आला, तोच समोरच्या झुडपातून एक प्रशस्त तपकिरी डोके बाहेर आले.

"डेल, बंदूक!"

"माझ्याकडे कुठे? तुम्ही घेतलीत ना?"

"मी? मी तुला दिली होती!"

"दिली नव्हती, घे म्हणालात! मी नको म्हणालो!"

"म्हणजे ती टेबलावरच आहे? गाढवा!"

"गाढव कोण? सात तास काटा घेऊन कोण बसलं होतं?"

"बहिणीच्या घरी फुकट कॉफी पिऊन वर मलाच विचारतोस?"

दोन्ही आवाज नदीच्या आवाजाच्या वर चढले. अस्वलाने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिले. एखाद्या भांडखोर घरात चुकून शिरलेल्या सभ्य पाहुण्यासारखे ते अवघडले आणि मागे वळून जंगलात निघून गेले.

दोघे हर्षाने गप्प झाले. पाचच मिनिटांत ते डोके पुन्हा झुडपात दिसले.

"गप्प का बसलात?" इंगाबाई कडाडल्या. "अस्वल दूर राहावं म्हणून इथलं लहान पोरही रानात आवाज करत चालतं, आणि तुम्ही बंदुका तोलत बसलात! भांडा! डेल, तुझं पहिलं लग्न कसं मोडलं ते यांना विचार. अहो, तुम्ही बोला त्याच्या बोटीवर. आणि हात थांबवू नका!"

हात थांबले नाहीत आणि तोंडेही. बोटीवरचे भांडण संपल्यावर इंगाबाईंनी आपल्या वडिलांच्या इस्टेटीचा विषय दिला. तो नऊपर्यंत पुरला. साडेदहाला घसे पूर्ण बसल्यावरच जाळी गुंडाळण्यात आली. अस्वल पुन्हा फिरकले नाही.

एकूण मासे : त्रेपन्न.