यंत्राला पागुमे कळेना

अगारो गावातल्या कॉफी उत्पादकांच्या संघात टेलिफोनचं नवं बोर्ड ईस्टरनंतर बसलं आणि पहिल्याच दिवशी त्यानं परकी, इंग्रजी तारीख दाखवली. ऑपरेटर एताफेराहूला ते मुळीच पटलं नाही. आमच्या गावात राहायचं तर आमचीच तारीख पाळायची, असं तिनं यंत्राला बजावलं आणि आपली तारीख घातली. आपल्या देशाच्या पंचांगात महिने तीस दिवसांचे. यंत्र मध्येच एकतिसावा दिवस काढी, तेव्हा ती सकाळी येऊन कान धरून त्याला एक तारखेवर आणी. या बाईच्या चिकाटीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते, तिथं यंत्राची काय कथा!

मग वर्ष सरता सरता पागुमे आला, आपला पाच दिवसांचा तेरावा महिना. यंत्र बाराच्या पुढे मोजायला तयार होईना. मोकळं सोडावं तर ते गावाच्या आधीच नव्या वर्षात उडी मारणार. एताफेराहूनं तोडगा काढला. रोज सकाळी तारीख मागे ओढून बाराव्या महिन्याच्या तीसवर आणायची.

पण त्या तारखेला एक काम जोडलेलं होतं. बोर्डाच्या विजेची वार्षिक तपासणी व्हावी म्हणून यंत्र त्या दिवशी संघातले सगळे फोन वाजवी आणि जिम्मा शहरातल्या तपासणी कचेरीलाही आपणहून फोन लावी. तारीख रोज तीच, म्हणून फोनही रोज. मॅनेजर रोज दचकून कॉफी सांडत. कचेरीत मात्र कौतुक सुरू झालं. सुरक्षेची इतकी तळमळ असलेला संघ त्यांनी कधी पाहिला नव्हता. पागुमेच्या अखेरच्या दिवशी इन्स्पेक्टर मेकुरिया स्वतः येऊन थडकले.

एताफेराहूला धास्ती एकच, यांनी बोर्ड बंद केलं तर! उद्या नवं वर्ष. बैरूतला घरकाम करणारी तिची लेक फेवेन वर्षातून एकदाच, त्याच सकाळी, संघाच्या नंबरावर फोन करी.

मेकुरियांनी मीटर लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. अर्थिंगची तार मुळाशी गंजून सुटली होती.

"ताई, या बोर्डाला रोज हात लावता?"

"दिवसभर."

"आणि तरी माझ्याशी बोलताय. देवाचे उपकार माना."

मग त्यांनी नियम सांगितला. यंत्रात तारखेसकट 'नापास' नोंदवायचं, की यंत्र स्वतःलाच कुलूप घालतं आणि दुरुस्तीपर्यंत सगळे फोन बंद. दुरुस्तीवाला सणानंतर येईल. ते तारीख घालू लागले. महिना तेरा. यंत्रानं नाकारली. पुन्हा घातली, पुन्हा नाकारली. तीसच घालून मोकळे व्हा, असं मॅनेजरांनी सुचवलं, तर साहेब ताठ झाले. खोटी तारीख त्यांनी उभ्या आयुष्यात घातली नव्हती. असा माणूस विरळा, हे कबूल करायलाच हवं.

एताफेराहूनं कॉफीचा दुसरा पेला पुढे केला.

"साहेब, म्हणजे आज पास करता येत नाही, तसं नापासही करता येत नाही."

मेकुरियांनी पेला खाली ठेवला. "खरंय. यंत्राच्या लेखी मी अजून आलोच नाही."

"मग रिकामे बसून काय करता? तार तरी जोडा."

साहेब हसले. त्यांनी कोट काढला, वीज बंद केली, गंज खरवडला, पिशवीतली नवी तार घट्ट आवळली आणि मीटरचा काटा मनासारखा येईपर्यंत उठले नाहीत. असं नेटकं काम पाहत राहावं. जिम्माची शेवटची बस तोवर गेली होती, म्हणून त्यांचा मुक्काम मॅनेजरांकडे पडला.

सकाळी नव्या वर्षाची पहिली तारीख यंत्रानं मुकाट्यानं घेतली. मेकुरियांनी 'पास' नोंदवलं आणि थोड्याच वेळात घंटा वाजली.

"आई, बरी आहेस ना गं?" फेवेनचा आवाज आला.

यंत्राला ईस्टरपासून दटावणाऱ्या बाईनं रिसीव्हर इन्स्पेक्टरांच्या हातात दिला. "साहेब, तुम्हीच सांगा."

मेकुरियांनी घसा खाकरला आणि कचेरीच्या आवाजात सांगितलं, "तुमच्या आईंची तपासणी झालेली आहे. आजच्या तारखेला काही धोका नाही."