इंगळेकाकांचे लांबट तारे

मे महिन्याच्या भर दुपारी, दारं-खिडक्या लावून, कॅमेऱ्यावर घट्ट झाकण बसवून कुणी तासभर फोटो काढताना तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. सुदामा नगरात आमच्या भिंतीपलीकडे राहणारे इंगळेकाका हा उद्योग दर उन्हाळ्यात करतात. घरातला एकमेव कूलर तेव्हा कॅमेऱ्याकडे तोंड करून असतो आणि आलेल्या पाहुण्याच्या हातात वारा घ्यायला वर्तमानपत्र दिलं जातं.

"कॅमेरा आतून थंड होऊन मायनस दस डिग्रीवर गेला पाहिजे ना, मॅडम," ते मला समजावतात. "मग त्याच्या खुदच्या खोड्या दिसतात. काळ्या फोटोत जे ठिपके येतात ते आकाशातले नाहीत, त्याचे स्वतःचे. ते असली, म्हणजे आकाशाच्या, फोटोतून वजा करायचे." मी भंवरकुआंला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते, त्यामुळे मला हे कळतं. बाकी गल्लीला काका थोडे सटकलेले वाटतात. मलाही वाटतात, पण मी तसं म्हणत नाही.

काकांचे वडील महूला फौजेत होते आणि काका स्वतः पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात माल तपासायचे. खोट असलेला नग बाजूला काढायचा, हेच काम जन्मभर केलं. रिटायर झाले, पण हात थांबला नाही. भाजीच्या ठेल्यावर ते टोमॅटो असे फिरवून बघतात की ठेलेवाला हात जोडतो. "हा रिजेक्ट. भिया, हा पण." माझ्या घरी पोहे खाताना एकदा त्यांनी जळका शेंगदाणा बशीच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी शेंगदाणे निवडून टाकते.

आकाशाच्या फोटोंनाही हाच न्याय. मृगाशेजारच्या एका गुलाबासारख्या तेजोमेघाचे ते तीन हिवाळे गच्चीवरून, दुर्बिणीला कॅमेरा लावून फोटो काढताहेत, एकेक पाच मिनिटांचा. असे शेकडो फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचले की एक चांगला फोटो तयार होतो. मध्ये विमान गेलं, रिजेक्ट. ढगाची चिंधी आली, रिजेक्ट. शेजारच्या गच्चीवर कुणी दिवा लावला तर फोटो रिजेक्ट आणि शेजारीही.

यंदा शहरातल्या आकाशप्रेमींच्या प्रदर्शनासाठी त्यांनी हा फोटो पाठवला. "एकदा तिथं भिंतीवर लागला पाहिजे, बस," एवढंच त्यांचं मागणं. फोटो परत आला. तारे गोल नाहीत, लांबट आहेत, रविवारपर्यंत सुधारून पाठवा, असा निरोप होता. काकांच्या फोटोत लांबट तारा? माझा विश्वास बसेना. शनिवारी सकाळी मीच त्यांच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

दहा मिनिटांत दोष सापडला. जानेवारीतल्या एका संध्याकाळचे वीस फोटो, आणि प्रत्येकात तारे तांदळाच्या दाण्यांसारखे. मी ते वीस वगळून फोटो पुन्हा रचला. तारे छान गोल आले. काका स्क्रीनजवळ वाकले.

"कित्ती साफ आलाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता ते वीस परत टाका."

"काका, तेव्हा दुर्बिणीला धक्का लागलाय, ती ताऱ्यांमागे नीट फिरत नव्हती. तुम्हाला कळलं नाही?"

"माझ्यासमोरच लागला." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

त्यांची बायको, कुसुमकाकू, लकव्यानंतर वर्षभर पलंगावरच होत्या. त्या संध्याकाळी कुणाला न सांगता, कठडा धरून, एकेक पायरी चढत त्या गच्चीवर आल्या. काकांनी वळून पाहिलं तोवर काकूंचा पाय दुर्बिणीच्या तिवईला लागला होता.

"रडायला लागली. म्हणाली, बिघडवलं ना मी? मी म्हटलं, काहीच नाही बिघडलं, तू बैस. परत सेटिंग करायला उठलो असतो तर तिला समजलं असतं. म्हणून तसंच चालू दिलं. दोन घंटे बसली, मॅडम, शाल घेऊन. त्यानंतर मग तिला चढणं जमलंच नाही."

शिकवायची सवय जात नाही. म्हटलं, "पण काका, असा फोटो प्रदर्शनात नाही घेणार ते."

"नाही घेणार," काका म्हणाले.

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, थोडा अडखळत. "अहो, झाला का फोटो? माझ्या दिवसाचे घेतले ना त्यात?"

"सगळे घेतले," काकांनी सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी वीसच्या वीस परत घातले. तारे लांबट झाले. काकांनी फोटो छापला, शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांत आडवा धरून उभे राहिले आणि मग काकूंना दाखवायला आत गेले.