सहा भोकांचा पाईप

"सुरतेत लूम लाखो असतील, डोकं एकच," असं योगराज स्वतःबद्दल सांगायचा, तेही मिशीला पीळ देत. मिशी विरळ होती, पीळ मात्र भरघोस. डिंडोलीच्या चाळीतला हा स्वयंघोषित गुप्तहेर रात्री लूम चालवायचा आणि दिवसा संशय.

दातांपायी रात्रभर रडलेल्या तान्हीला झोळीत निजवून त्याची बायको हर्षदा नुकतीच टेकली होती. तेवढ्यात शेजारचे निंबाआप्पा दारात आले. स्वातंत्र्यदिनाची सकाळ, अंगात पलटणीतला कोट.

"योगराज, माझा फाईफ गेला. तेल पाजून रात्री ओट्यावर ठेवला होता. आता झेंडावंदन. यंदा रेकॉर्ड नको, मी वाजवतो, असा शब्द दिलाय मी."

"पाईप," योगराजने मान डोलावली. "लोखंडी की प्लास्टिकचा?"

"शिसवी लाकडाचा. एकाच तुकड्यातून कोरलेला. चिरू नये म्हणून दोन्ही टोकांना पितळी कडं. माझ्या आजानं त्याच्या सुरावर पलटण चालवली. सहा भोकं."

"म्हणजे गळका. हे नळवाल्या दत्तूचं काम. गळके पाईप बसवून तो धंदा वाढवतो."

"अहो, फाईफ म्हणतायत ते, पलटणीतली बासरी," हर्षदा हळूच म्हणाली.

"फाईव्ह? मग भोकं सहा कशी? एक भोक बनावट आहे."

आप्पा खाटेवर मटकन बसले. "पोरं हसतील आता. म्हातारा बोलला न् रेकॉर्ड लागली, म्हणतील." त्यांच्या कोटाची बटणं चिंचेनं घासून लखलखीत केलेली होती. हर्षदानं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

योगराज विचारात पडला की झोळीला झोका द्यायचा. झोक्यासरशी काहीतरी चमकलं. कापड मिटू नये म्हणून वर आडवी घातलेली काठी. हर्षदानं घडी बाजूला केली. पितळी कडं.

"अहो, ही काठी कुठली?"

"जुनी मोडली ना? पहाटे पाळीवरून येताना आप्पांच्या ओट्यावर पडलेली दिसली."

"आणि भोकं?"

"वाळवी वाटली."

"अशी ओळीत?"

"लष्करी माणसाच्या घरची वाळवी, शिस्तीतच खाणार. आणि आप्पांनी पाईप विचारला. काठीचं कोणी विचारलंच नाही."

हर्षदानं त्या जागी लाटणं सरकवून फाईफ अलगद काढला. अलगदपणा वाया गेला. तान्हीनं डोळे उघडले आणि सूर लावला. आप्पांनी घाईघाईनं कूचाची धून धरली. ती गप्प. ते थांबले, ती पुन्हा सुरू.

शेवटी तिला खांद्यावर घेऊनच सगळे मैदानात गेले. झेंडा चढला, पाहुणे भाषणाला उभे राहिले, पण आप्पांना थांबायची सोय नव्हती. भाषणातलं अक्षरही कोणाला ऐकू आलं नाही. टाळ्या मात्र कधी नव्हत्या एवढ्या पडल्या.