बाहेरून भरलेला खिसा

हिंडलग्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या बाबूअण्णांच्या सदऱ्याचा खिसा बाहेरूनही भरलेला असतो. आत एक जबरदस्त लोहचुंबक आणि त्याच्या ओढीने कापडावर चिकटलेल्या किल्ल्या, स्क्रू, नेलकटर. निवृत्त सेनापतीची पदके वाटावीत.

खडेबाजारातल्या भंगारवाल्याकडून ते फुटके स्पीकर आणि निकामी संगणक आणतात व त्यांच्या पोटातली चुंबके सोडवतात. "स्पीकर मरतोय सर, लोहचुंबक मरत न्हाय," हे त्यांचे लाडके वाक्य. त्यांच्या सुऱ्या, झारे भिंतीवर अधांतरी चिकटलेले असतात. सकाळी सायकलमागे दोरीने चुंबक ओढत ते गल्लीतले खिळे वेचतात. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्यांच्याशी बोलत नाही. दोन चुंबकांच्या मध्ये बोट सापडून त्यांचे नख कायमचे काळे पडले आहे. माझे घड्याळ त्यांच्या टेबलावर बंद पडले, तेव्हा म्हणाले, "बरं झालं. आता उठायची घाई न्हाय."

पत्नी गेल्यापासून संध्याकाळचा चहा ते माझ्याशिवाय घेत नसत, आणि भेटताच कडकडून मिठी मारत.

या उन्हाळ्यात माझ्या छातीत पेसमेकर बसला. लोहचुंबक जवळ येऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. मी अण्णांना मात्र "चहा बंद केलाय" एवढेच सांगितले आणि त्यांना टाळू लागलो. त्यांच्या छंदावर बंदी कशाला, अशी मी मनाची समजूत घातली. वास्तविक आजारी म्हणवून घेण्याची मला लाज वाटत होती.

परवा मी पायरीवर बसलो असताना ते फाटकाशी येऊन थांबले. माझ्या हातात कप होता.

"चहा बंद हाय न्हवं, सर?"

मी कप पाठीमागे सरकवला.

"माझं कायतरी चुकलं असंल तर चार शिव्या द्या. खरं असं तोंड चुकवू नगासा. सांजच्याला घर खायला उठतंय."

तेव्हा मी पेसमेकरचे सांगून टाकले.

अण्णा मागे सरकत रस्त्यापलीकडे गेले. तिथे सदरा काढला. तो किल्ल्यांसकट समोरच्यांच्या लोखंडी फाटकाला खाडकन चिकटला. मग नुसत्या बनियनवर, झडती देणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात वर करून, ते माझ्या पायरीपर्यंत आले आणि हळूच म्हणाले,

"लई दुखलं व्हय, सर? आणि मला कळवलं न्हाईसा."

"अण्णा," मी म्हणालो, "मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."