चाकातला झेंडू

दसऱ्याला आमच्या चाळीत चालणारी कुठलीही वस्तू उघड्यावर ठेवू नये. रघूतात्या तिला झेंडूचा हार घालून जातो. पाण्याचा पंप, शिलाई मशीन, सावंतीणबाईंचा मिक्सर, कोणाची सुटका नाही. एकदा मी पंख्याचं बटण दाबलं तर डोक्यावर पाकळ्यांचा पाऊस. मी ओरडलो, तर म्हणतो कसा, "मेल्या, एक दिवस त्याचा मान असतो. आज तरी घाम पुसून बस की!"

मी चौथी पास. तात्या तेवढाही बाकावर टिकला नाही. पण एका गिरणीत, एकाच खात्यात आम्ही साचे चालवले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. खंडेनवमीला तात्या आपले साचे असे घासूनपुसून हार घालून सजवायचा की आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणायचा, "रघ्या, लग्न लावतोस काय त्यांचं?" तात्याचं उत्तर ठरलेलं, "मशीनला सगळं कळतं साहेब, फक्त बोलत नाय."

मग संप झाला. गेट बंद झालं ते आमच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. मी भाजीची गाडी लावली, कोणापुढे हात पसरला नाही. तात्या शिवडीच्या गोदामात ओझी उचलायला लागला. लग्नाचं राहूनच गेलं. माझ्या शेजारच्या खोलीत एकटाच राहतो. पण दसऱ्याचे हार काही थांबले नाहीत.

आता गाडीचं सांगतो. माझी सून मनीषा गाडी चालवते. जुनीच घेतली, पण आरशासारखी ठेवते. चाळीतल्या पोरांना दादरच्या शाळेत ने-आण करायचं काम तिला मिळालं, सोमवारपासून सुरू. त्याआधी दसरा आला आणि तात्या भलामोठा हार घेऊन हजर.

"तात्या, बॉनेटवर हार नको हं," मनीषा म्हणाली. "कालच पॉलिश केलंय. डाग पडतात."

"बरं गो बाय," म्हणून तात्या गप्प निघून गेला. मी चकितच झालो. हा माणूस इतक्या सहज कोणाचं ऐकत नाही.

दोन दिवसांत गाडीत स्टिअरिंगच्या मागे एक पिवळा दिवा पेटला. त्यावर गाडीचं चित्र, खाली वाकड्यातिकड्या दोन रेघा. तात्याने डोकावून बघितलं. "गाडीच्या पाठी दोन साप लागलेत. नजर आहे ही."

"साप नाही तात्या, ट्रॅक्शन कंट्रोल आहे. चाक घसरायला लागलं की गाडी आपणहून सावरते. दिवा असा पेटून राहिला म्हणजे ते सावरणं बंद पडलंय."

मनीषाने गाडी बंद करून चालू केली. टायरची हवा तपासली. दिवा तसाच. तेवढ्यात दोन पोरांची आई खिडकीतून वाकली. "मनीषा, आधी तो दिवा विझव गं. मगच माझी पोरं बसतील." दुसऱ्या आयाही मान हलवायला लागल्या. मनीषाचा चेहरा एवढासा झाला. एवढ्या खटपटीने मिळालेलं काम पहिल्या दिवसाआधीच जायची वेळ आली होती.

शनिवारी आम्ही तिघं शिवडीला अन्वरभाईच्या गॅरेजात गेलो. तात्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणच पुढच्या सीटवर जाऊन बसला. अन्वरभाईने गाडीला मशीन जोडलं आणि पडद्यावर बघून म्हणाला, "तीन चक्के अपना स्पीड बता रहे हैं. पीछे का लेफ्टवाला चुप है."

"संपावर गेलंय," तात्या म्हणाला.

मी हसलो. मनीषा हसली नाही.

अन्वरभाईने जॅक लावून चाक काढलं आणि कपाळावर हात मारला. "चाचा, गाडी की शादी कराई क्या?" चाकाच्या आतल्या बाजूला सुकलेला झेंडू दोऱ्यासकट गच्च गुंडाळला गेला होता. त्या दोऱ्याने सेन्सरची बारीक वायर ओढून तोडली होती.

मनीषा वळली. "तात्या! मी नको म्हटलं होतं ना?"

"बॉनेटवर नको म्हणालीस."

"म्हणून चाकात?"

तात्या वाकून चाकातला झेंडू सोडवायला लागला. मग हळूच म्हणाला, "संपाच्या वर्षी खंडेनवमीला हार घेऊन मी गिरणीच्या गेटवर गेलेलो. वॉचमनने आत सोडलं नाय. माझे साचे तसेच राहिले बिनहाराचे. परत कधी चालले नाहीत गो. तुझी गाडी चालूदे म्हणून..."

गिरणी कशाने बंद पडली ते मला पक्कं ठाऊक आहे. हाराचा त्यात काडीचा संबंध नाही. एरवी मी त्याला सोडला नसता. पण इतक्या वर्षांत हे त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी अन्वरभाईला म्हटलं, "चहा मागव."

नवी वायर बसली. एक फेरी मारली आणि दिवा विझला. तात्याने तो सुकलेला झेंडू गुपचूप खिशात घातला.

सोमवारी सकाळी पोरं गाडीत बसली. आया एकेक करून आत डोकावल्या, दिवा नाही बघून मागे सरल्या. तात्या जिन्याजवळ लांबच उभा. मनीषाने काच खाली केली.

"तात्या, पुढच्या दसऱ्याला हार आतल्या आरशाला. आणि तुम्हीच बांधायचा."

"आणि चाकांना?"

"चाकांना नुसता हात लावा."

तात्याने दसऱ्याची वाट बघितली नाही. तिथल्या तिथे वाकत, कमरेवर हात देत त्याने गाडीला वळसा घातला. एकेका चाकाला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा. पोरं काचेला नाक लावून बघत होती. मागच्या डाव्या चाकाशी मात्र तो जरा जास्त थांबला. त्याच्यावर थोपटून म्हणाला,

"चल रे, संप मिटला. कामावर चल."